मातृभाषेचा रकाना

मधुमतीबाई आगाशे चालायला लागल्या की बघणाऱ्याला वाटावं, या बाईंनी आत्ताच कुठे हातातली पिशवी खाली ठेवली होती आणि कोणीतरी ती पुन्हा उचलायला लावली. लखनौच्या इंदिरा नगरातल्या घरापासून कोपऱ्यापर्यंत पायी, मग टेम्पो, म्हणजे तिकडची सीटवर चालणारी मोठी रिक्षा, कैसरबागेला उतरून दुसरा टेम्पो, आणि चौक नावाच्या जुन्या बाजारपेठेत उतरल्यावर गल्लीतून पुन्हा पायी. शाळेच्या दारात पोचल्या की त्या आधी पायरीवर बसून चपलेतले खडे काढत. सोळा वर्षं हा क्रम चालू होता. खडे येतात कुठून याचा शोध त्यांनी केव्हाच सोडून दिला होता.

नवरा भास्करराव बँकेत. मिरजेहून तीन वर्षांच्या बदलीवर म्हणून दोघं लखनौला आले, मग बढती, मग घर, मग लेकाची, अमोघची शाळा, असं करत करत इथलेच होऊन गेले. बाईंनी इथल्या परीक्षा दिल्या आणि सरकारी प्राथमिक शाळेत नोकरी मिळवली. हिंदी त्यांनी अशी घोटली की शेजारच्या मिश्राबाई म्हणायच्या, आप तो महाराष्ट्र की लगती ही नहीं. बाईंना त्याचा कितीतरी वर्षं आनंद व्हायचा. तो व्हायचा केव्हा थांबला, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

चौकातली ती शाळा चार खोल्यांची. सराफ्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीची माणसं दोन पिढ्या राहत होती. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना गलाईवाले म्हणत. माळ्यावरच्या एकेका खोलीत भट्टी, तेजाबाचा वास आणि सात-आठ माणसं. बायका-मुलं आधी गावीच असायची, पण ऐंशीनंतर एकेकाने बिऱ्हाड आणायला सुरुवात केली आणि बाईंच्या शाळेत मराठी पोरं दिसायला लागली. इतर मुलं त्यांना बहनजी म्हणत. मागच्या तरटाच्या पट्टीवरून कोणी 'बाई' म्हणून हाक मारली, की त्यांना न बघताच कळायचं, नवीन पोर आलं.

१९९६च्या जुलैत नीलम आली ती अशीच. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि गावाकडच्या शाळेतली दुसरी पास झाल्याची खूण म्हणून जपून आणलेली पाटी. हेडमास्तरांनी तिला पुन्हा दुसरीतच बसवलं. पहिल्याच दिवशी तिने दुसरीच्या मास्तरणींना विचारलं, बाई, पाणी पिऊ का? सगळा वर्ग फिदीफिदी हसला, कारण लखनौत शिक्षिकेला कोणी बाई म्हणत नाही, तो शब्द तिथे कोठ्यावरच्या बायकांसाठी आहे. नीलमला ते कळायचं काही कारण नव्हतं. तिला एवढंच कळलं की आपण तोंड उघडलं की लोक हसतात. मग दिवाळीपर्यंत पुस्तक वाचण्यापुरतं सोडलं तर तिने ते उघडलंच नाही.

गंमत अशी, आणि ही गंमत बाईंच्या जिवाला लागायची, की नीलमला वाचता फार छान येत होतं. अक्षरं तीच, मग अडतंय कुठे? हिंदीचं पुस्तक ती घडाघडा वाचून दाखवायची आणि त्यातलं तिला अक्षरही कळायचं नाही. हेडमास्तर म्हणायचे, पोरगी वाचते म्हणजे तिला येतं, विचारलं की गप्प बसते म्हणजे हट्टी आहे. गणिताचं तेच. पाटीवर बेरीज बिनचूक, पण उत्तर तोंडाने सांगायची वेळ आली की सैंतीस म्हणजे आपलं सदतीस की सत्तेचाळीस, या विचारात ती अडकून पडायची.

मधुमतीबाईंकडे पाचवीचा वर्ग होता, त्यामुळे नीलम त्यांची विद्यार्थिनीही नव्हती. पण मधल्या सुट्टीत ओसरीवर त्या मराठी पोरांना गोळा करत आणि त्यांची दुसरी-तिसरीची पुस्तकं मराठीतून समजावून सांगत. पंधरा मिनिटं. हातात डबा, मांडीवर पुस्तक. दिवाळीनंतर नीलम बोलायला लागली ती त्या ओसरीवर, आणि तेवढीच. घंटा झाली की पुन्हा मुकी.

तिचा बाप संग्राम जाधव मधुकरआप्पा मान्यांच्या भट्टीवर कामाला होता. एक दिवस तो शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याने सरळच सांगितलं, की पोरगी या वर्षी नापास झाली तर तिला गावी चुलत्याकडे ठेवणार. तिथं निदान तिला शिकवलेलं तरी कळेल. धाकटा अंगावर पितोय, त्यामुळे बायको इथंच राहणार. म्हणजे आठ वर्षांची पोर आईवाचून एकटी जाणार. हे सांगताना त्याने बाईंकडे बघितलं नाही, आपल्या काळवंडलेल्या बोटांकडे बघितलं.

"फेब्रुवारीपर्यंत थांब," बाई म्हणाल्या. "मराठीचा तास मंजूर होतोय. मराठी शिकवणारं माणूस मिळेल शाळेला. मग नाही होणार ती नापास."

हे त्यांनी उगीच धीर द्यायला म्हटलं नव्हतं. एक जुना सरकारी नियम होता. वर्गात एका भाषेची दहा मुलं असली किंवा शाळेत चाळीस, तर प्राथमिक शाळेत त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. नियम होता हे बाईंनाही इतकी वर्षं माहीत नव्हतं. कोणत्याशा वर्तमानपत्रात वाचून त्यांनी तो शोधून काढला आणि ब्याण्णवपासून अर्ज करायला लागल्या. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं ते असं, की तिसरी भाषा म्हणून संस्कृतची सोय आहेच. तिसऱ्या वेळी त्यांनी त्रेचाळीस मुलांची यादी जोडली, नाव, वर्ग, बापाचं नाव, गाव, सगळं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात. त्यावर कळवलं गेलं की पाहणीसाठी अधिकारी येतील. सत्त्याण्णवच्या जूनअखेर बाई निवृत्त होणार होत्या. आत्ता नाही तर मग कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरी भास्कररावांना हे सगळं पाठ झालं होतं. ते वाईट माणूस नव्हते, पण निवृत्तीनंतर त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट लवकर आटपावी असं वाटे. इंदिरा नगरातल्या मराठी लोकांचा गणपती होता, हळदीकुंकू होतं, आणि सगळ्यांची पोरं इंग्रजी शाळांत होती. तिथं बाईंनी हा विषय काढला की लोक कौतुकाने मान हलवायचे आणि आणखी एक पुरणपोळी वाढायचे. "तुझं वय झालं मधू," भास्करराव म्हणायचे. बाई म्हणायच्या, अहो, मला का ते माहीत नाही? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेम्पो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अधिकारी आले. नरेंद्र श्रीवास्तव नाव, चाळिशीचे, मफलर गुंडाळलेले, आणि आश्चर्य म्हणजे चांगले. त्यांनी फाईल वाचून आणली होती. त्यांनी ओसरी बघितली, चहा घेतला, नीलमला मांडीशी घेऊन पुस्तक वाचायला लावलं, आणि वाचलेल्याचा अर्थ विचारल्यावर ती गप्प झाली तेव्हा त्यांना लगेच सगळं समजलं. वरिष्ठांचा विरोध आहे हे त्यांनी लपवलं नाही. काहींचं म्हणणं, या पोरांना लहानपणीच हिंदीत टाकलं तर ती पटकन शिकतील. दोन भाषांत शिकवलं तर धड एकही येणार नाही. स्वतः त्यांना तसं वाटत नव्हतं. त्यांची आई भोजपुरी बोलायची आणि तेही पहिलीत एकदा नापास झाले होते. आकडा दाखवा, म्हणाले, मी आजच लिहून पाठवतो.

बाईंनी यादी पुढे केली. ते म्हणाले, यादी ठीक आहे, पण ती शाळेच्या रजिस्टरशी जुळायला हवी. प्रवेशाचं मोठं रजिस्टर आलं. श्रीवास्तवांनी मातृभाषेच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बोट खाली खाली नेलं. हिंदी. हिंदी. हिंदी. पान उलटलं. हिंदी. एका पानावर ओळीने सहा वेळा मराठी होतं, मग पुन्हा हिंदी. ते शेवटपर्यंत गेले, परत पहिल्या पानावर आले, आणि अगदी सहज त्यांनी विचारलं,

"ये लिखावट किसकी है, बहनजी?"

"मेरी," बाई म्हणाल्या.

ते सगळं त्यांनीच लिहिलं होतं. त्या या शाळेत आल्या तेव्हा दुसऱ्याच वर्षी एका गलाईवाल्याची दोन पोरं प्रवेशाला आली होती, आणि त्यांच्या अर्जावर मातृभाषा म्हणून बाईंनी खरं तेच लिहिलं होतं. त्या वेळच्या हेडमास्तरांनी ते वाचलं आणि म्हणाले, आधी हिंदी शिकवून आणा, मग बघू. ती पोरं पुन्हा आली नाहीत, भट्टीवर फुंकणी धरायला बसली. बाईंना ते इतकं लागलं, की पुढच्या वेळी मराठी बाप आला तेव्हा त्यांनी त्याला न विचारताच हिंदी लिहून टाकलं. पोर आत आलं. मग दरवर्षी जुलैत, अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर त्यांच्याकडेच असायचं, आणि दरवर्षी त्या तेच लिहीत गेल्या. बाप हात जोडायचे. बाईंना आपल्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटायचं. पुढे ते हेडमास्तर गेले, नवे आले, प्रवेशाला कोणी अडवेनासं झालं, पण हाताची सवय गेली नाही. त्या पोरांना चेहऱ्यांनी मोजायच्या, रजिस्टर उघडून मोजायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती. आणि ते सहा? पंच्याण्णवच्या जुलैत अमोघच्या लग्नासाठी बाई आठ दिवस रजेवर होत्या. तेव्हा दुसऱ्या कोणी तरी प्रवेश लिहिले आणि बापांनी जे सांगितलं ते लिहिलं.

नीलमचीही ओळ होती. जुलै शहाण्णव. म्हणजे तिसऱ्या अर्जाचा मसुदा पर्समध्ये ठेवून बाईंनी तिच्यापुढे हिंदी लिहिलं होतं. हे पाहून त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

श्रीवास्तवांनी रजिस्टर हळूच मिटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक वाट सांगितली. प्रत्येक मुलाच्या बापाने कचेरीत जाऊन शपथपत्र करायचं, की आमची भाषा मराठी आहे, आधी चूक लिहिली गेली. मार्चअखेर चाळीस भरले तर तास पुढच्या सत्रापासून, आणि ते स्वतः हेडमास्तरांना सांगतील की या पोरांना या वर्षी नापास करू नका. तोवर काही नाही.

अमावास्येला गलाईवाले भट्टी पेटवत नाहीत, म्हणून बाईंनी तो दिवस धरला. मधुकरआप्पांच्या माळ्यावर तीसेक माणसं जमली. आप्पा साठीचे, सगळ्यांत जुने, त्यांच्या शब्दाबाहेर गल्लीत कोणी नसे. बाईंनी काही लपवलं नाही. चूक माझी, म्हणाल्या, निस्तरायला मात्र तुम्ही लागता. त्यांना वाटलं होतं लोक रागावतील. कोणी रागावलं नाही, उलट एकाने सांगितलं, बाई, तुम्ही तसं लिवलं म्हणून तर पोरं शाळेत गेली. बाईंना ते ऐकवेना.

मग आप्पा बोलले. "बाई, बाजारात लोक आमच्याकडं सोनं टाकून जातात, चिठ्ठी न्हाई चपाटी न्हाई. विश्वासावर. आता आम्ही तीस जणांनी कचेरीत जाऊन शपथेवर सांगायचं, की शाळेच्या कागदावर आमच्या नावानं खोटं लिवलेलं हुतं? आज भाषा खोटी लिवली, उद्या म्हणतील वजन खोटं सांगितलं. आमचा धंदा त्या एका गोष्टीवर उभा हाय."

ते खरंच होतं. त्यांनी पोरांचं सांगितलं. ओसरीवर कळतं ते वर्गात कळत नाही, हे सांगितलं. नीलमचं सांगितलं. कोपऱ्यातून कोणी म्हणालं, पोरांना हिंदीच पाहिजे, गिऱ्हाईक काय मराठी बोलतंय? बाई म्हणाल्या, हिंदी नको कोण म्हणतंय, हिंदी चांगली यावी म्हणूनच पहिली दोन वर्षं मराठीचा हात धरायचा. एक-दोन माना हलल्या. संग्राम उठून उभा राहिला, म्हणाला, मी करतो कागद. आप्पांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो आप्पांच्याच भट्टीवर होता. तो पुन्हा खाली बसला.

उठता उठता आप्पांनी विचारलं, त्यात खोच नव्हती, साधं विचारलं, "बाई, तुमचा अमोघ कुठं शिकला मराठी?"

अमोघ पुण्यात नोकरीला होता. घरी पत्र लिहायचा ते हिंदीत. मराठीत लिहायची लाज वाटते, म्हणायचा, चुका होतात. बाई त्या पत्रांना मराठीत उत्तर देत आणि सून ती त्याला समजावून सांगे. बाईंनी आप्पांना सांगितलं, कुठेच नाही. मग त्या जिना उतरल्या. त्या दिवशी कैसरबागेला त्यांनी दोन टेम्पो जाऊ दिले आणि तिसऱ्यात बसल्या.

मार्च संपला. शपथपत्र एकही आलं नाही.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाईंचा वर्ग शेजारीच होता. मधल्या दारातून त्यांना नीलमचा आवाज ऐकू आला. वर्षभरात पहिल्यांदाच ती वर्गात पुस्तकाशिवाय मोठ्याने बोलत होती. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. दोनपासून दहापर्यंतचे पाढे तिने न अडखळता म्हटले. घामाघूम झाली असेल बिचारी. मास्तरणींनी शून्य दिलं, ये कौन सा पहाड़ा है म्हणून. बाई वर्ग सोडून गेल्या आणि म्हणाल्या की सगळे बरोबर आहेत, आकडान् आकडा. मास्तरणी म्हणाल्या, बरोबर असतील बहनजी, पण मी कसं सांगू? त्यांचंही खोटं नव्हतं. हेडमास्तरांनी शून्य कायम ठेवलं.

वीस मेला निकाल लागला आणि शाळा सुट्टीसाठी बंद व्हायची होती. बाईंचा तो शाळेतला शेवटचा दिवस. सकाळपासून गरम वाऱ्याची लू सुटली होती, खिडक्या लावून घेतल्या होत्या. निरोपाचा हार दहा वाजता झाला, समोसे साडेदहाला. मग हेडमास्तरांनी संकोचाने विचारलं, जाता जाता चार टी.सी. लिहून द्याल का, तुमच्यासारखं अक्षर कोणाचं नाही. बाई हार काढून खुर्चीवर बसल्या.

तिसरी टी.सी. नीलम संग्राम जाधव हिची होती. बाप-लेक टेबलासमोर उभे होते. नीलमच्या अंगात नवा फ्रॉक होता, गावी जायचा. बाईंनी रजिस्टर उघडून ओळ काढली आणि उतरवून घ्यायला लागल्या. नाव, जन्मतारीख, वर्ग दुसरा, अनुत्तीर्ण. टी.सी. रजिस्टरबरहुकूमच लिहायची असते. मातृभाषेच्या रकान्याशी त्या थांबल्या. मग जे होतं ते लिहिलं. गावातल्या मराठी शाळेचे गुरुजी हा कागद वाचतील आणि पोरीकडे बघतील, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पण त्या फार दमल्या होत्या.

नीलमने कागद दोन्ही हातांनी धरला आणि सवयीप्रमाणे घडाघडा वाचायला लागली. तिथवर आली आणि थांबली. पहिल्यांदाच तिला वाचलेलं सगळं कळलं होतं.

"बाई, हे चुकलंय," ती म्हणाली.

"गप गं," संग्राम म्हणाला. "बाईंनी लिवलंय त्ये बरोबरच असतंय."

मधुमतीबाईंना त्या क्षणी स्वतःची अशी लाज वाटली की मान वर करवेना. पोरीचा राग सहन झाला असता, बापाचा हा विश्वास होईना. इतकी वर्षं असेच बाप हात जोडून उभे राहिले होते.

"ती म्हणते ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चुकलंय. माझंच चुकलंय."

त्यांनी नीलमच्या हातून कागद घेतला. टेबलावरचं लाल पेन उचललं आणि आधी रजिस्टरमधला, मग टी.सी.तला शब्द आडव्या रेघेने खोडला. वर लिहिलं, मराठी. शेजारी सही केली आणि तारीख घातली. हेडमास्तर उठून आले. शपथपत्राशिवाय खाडाखोड, तीही निवृत्तीच्या तोंडावर, पेन्शनचे कागद अडकतील म्हणाले, ते काळजीनेच म्हणत होते. बाईंनी त्यांना सांगितलं की लिहिलं मी होतं, खोडलंही मीच, विचारायला आले तर माझा पत्ता द्या. हेडमास्तर कपाळावरचा घाम पुसत बघत राहिले आणि मग त्यांनी शिक्का मारला.

नीलमने रकाना पुन्हा वाचला, समाधानाने मान डोलावली आणि कागद बापाच्या पिशवीत पाटीला टेकवून ठेवला. बाईंनी तिच्या वेणीची सैल झालेली रिबीन घट्ट बांधली. गाडी तीनची होती. दाराशी जाऊन पोरगी मागे वळली आणि मोठ्याने म्हणाली, बाई, जाते. व्हरांड्यातली मुलं हसली. या वेळी तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

रजिस्टर अजून उघडंच होतं. बाईंनी पान उलटून त्या ओळीने लिहिलेल्या सहा जणांकडे पाहिलं आणि परत नीलमच्या ओळीवर आल्या. आता सात झाले होते. ओळीच्या शेवटी आणखी एक रकाना रिकामा होता, शाळा सोडल्याच्या तारखेचा. त्यांनी निळं पेन घेतलं आणि नेहमीच्या सुरेख अक्षरात त्यात वीस मे लिहिलं.